पंचाचा डोळा की पडद्याची साक्ष?

पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे वाक्य आपल्या शाळांच्या क्रीडांगणांवर पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले गेले आहे. तो निर्णय बरोबरच असतो असे कोणत्याही शहाण्या क्रीडाशिक्षकाने कधी सांगितल्याचे ऐकिवात नाही. तो अंतिम असतो एवढेच सांगितले गेले, कारण खेळ पुढे चालायचा तर कुणाचा तरी शब्द अखेरचा मानावाच लागतो. अंतिमता आणि अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि खेळाच्या जगाने शंभराहून अधिक वर्षे पहिलीसाठी दुसरीचा काही अंशी त्याग पत्करला होता. हा जुना करार आता मोडला आहे. फुटबॉलच्या मैदानावर व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजे ज्याला जगभर ‘व्हीएआर’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते तो, येऊन बसला आहे. आणि त्याच्या आगमनाने खेळ सुधारला की बिघडला हा वाद अद्याप मिटलेला नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे येथे बसून या वादात पडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. खेड आणि चिपळूण यांच्यामध्ये महामार्गालगत वसलेल्या या औद्योगिक गावात, किंबहुना अवघ्या कोकणात, फुटबॉल हा काही लोकांचा मुख्य खेळ नव्हे. येथे कबड्डी चालते आणि टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट चालते. तथापि प्रश्न एकट्या फुटबॉलचा नाही. चूक करणारा माणूस आणि चूक दाखवणारे यंत्र यांच्यात अधिकाराची वाटणी कशी करावी, हा तो प्रश्न आहे. आणि तो परीक्षागृहात, कचेरीत, कारखान्यात, सर्वत्र उभा ठाकलेला आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात आणखी एक पदर दिसतो: अचूकता ही फुकट मिळणारी वस्तू नाही. तिची किंमत असते, ती कुणीतरी मोजतो, आणि तिचा लाभ नेहमीच किंमत मोजणाऱ्याला होतो असे नाही.

कतारमधील एक गोल

व्हिडिओ पंच नको म्हणणाऱ्यांनी प्रथम 11 जून 2024 ची सायंकाळ आठवावी. विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतील भारताचा अखेरचा सामना कतारमध्ये कतारशीच होता. लालियानझुआला छांगटे याने 37 व्या मिनिटाला गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली होती. 73 व्या मिनिटाला कतारच्या एका खेळाडूने मारलेला हेडर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने अडवला आणि चेंडू गोलखांबाशेजारून रेषेबाहेर गेला. तो बाहेरून परत ओढला गेला आणि युसुफ अयमेन याने तो जाळ्यात ढकलला. चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेला की खेळ थांबतो, हा फुटबॉलचा बाळबोध नियम आहे. दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्याला चेंडू बाहेर गेलेला दिसत होता. मैदानावरच्या पंचाला आणि रेषापंचाला तो दिसला नाही. गोल मान्य झाला, 85 व्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि भारत 2-1 असा हरला.

या एका निर्णयाची किंमत मोजून पाहावी. तिसऱ्या फेरीत जाण्यासाठी भारताला त्या दिवशी विजयच हवा होता, कारण त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला हरवले होते. तिसरी फेरी म्हणजे भारताच्या इतिहासात कधीच न गाठलेला टप्पा. शिवाय त्या फेरीत पोचणाऱ्या 18 संघांना 2027 च्या आशियाई करंडकाचे दार आपोआप उघडणार होते. भारताला ते दार नव्याने ठोठवावे लागले, आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून 2-1 असा पराभव झाल्यावर ते बंदच झाले. आघाडी शेवटपर्यंत टिकलीच असती असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. परंतु सतरा मिनिटे उरली असताना एक संघ पुढे होता आणि नियमाविरुद्ध झालेल्या गोलाने ती आघाडी गेली, हे निर्विवाद आहे.

यातला विरोधाभास अधिक बोचरा आहे. याच कतारमध्ये 2022 च्या अखेरीस विश्वचषक भरला, तेव्हा प्रत्येक मैदानाच्या छपराखाली केवळ खेळाडूंचा माग काढण्यासाठी 12 कॅमेरे बसवले होते. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपले जात होते आणि चेंडूच्या पोटात बसवलेले यंत्र सेकंदाला 500 वेळा आपला ठावठिकाणा कळवत होते. अवघ्या दीड वर्षाने त्याच देशात, त्याच स्पर्धेच्या पात्रता फेरीत, चेंडू रेषेबाहेर गेला की नाही हे पंचाला सांगणारे कोणी नव्हते. कारण आशियाई पात्रतेच्या त्या फेरीत व्हिडिओ पंचाची सोय ठेवलेलीच नव्हती. तेव्हा यंत्राने खेळ बिघडवला की सुधारला, हा प्रश्न विचारण्यापूर्वी यंत्र कुणाच्या वाट्याला आले आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे.

मराठी माणसापासून आरंभ

खेळातील पडद्याच्या साक्षीचा आरंभ फुटबॉलमध्ये झाला नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पडद्यावरील पुनर्दर्शन पाहून ज्या फलंदाजाला सर्वप्रथम धावचीत ठरवण्यात आले तो आपल्या मुंबईचा सचिन तेंडुलकर. नोव्हेंबर 1992 मध्ये दरबान येथील कसोटीत हा प्रसंग घडला. त्या दिवशी काही कुणी न्यायाचा अंत झाला म्हणून गळा काढला नाही. फलंदाजाची बॅट रेषेच्या आत होती की बाहेर, एवढाच प्रश्न होता आणि चित्राने त्याचे उत्तर दिले. पुढे 2008 मध्ये पायचीत आणि झेलाच्या निर्णयांवरही दाद मागण्याची पद्धत प्रयोगादाखल सुरू झाली, तेव्हा मात्र भारतीय क्रिकेट मंडळानेच तिला अनेक वर्षे विरोध केला. चेंडू पॅडवर आदळला नसता तर कुठे गेला असता, हे यंत्राने सांगावे हे मंडळाला पटत नव्हते. 2016 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेपासून तो विरोध मावळला. रेषेचा प्रश्न सहज स्वीकारला गेला, अंदाजाचा प्रश्न आठ वर्षे अडून राहिला. हा भेद महत्त्वाचा आहे आणि फुटबॉलमधील साऱ्या गोंधळाची किल्ली त्यातच आहे.

फुटबॉलने यंत्राला फार उशिरा दार उघडले. 1986 मध्ये मेक्सिकोत मॅराडोनाने हाताने केलेला गोल साऱ्या जगाने पाहिला, ट्युनिशियाच्या पंचाने पाहिला नाही. 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्या लॅम्पार्डने मारलेला चेंडू आडव्या दांड्यावर आपटून गोलरेषेच्या चांगलाच आत पडला आणि तरीही गोल मिळाला नाही. त्यानंतर 2012 मध्ये गोलरेषेवरील यंत्राला मान्यता मिळाली. चेंडू रेषा ओलांडून गेला की एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरील घड्याळ त्याला खूण करते. खेळ थांबत नाही, वाद होत नाही. या यंत्राविरुद्ध आज फारसा आवाज उठत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

2018 मध्ये व्हिडिओ पंचाला नियमपुस्तकात स्थान मिळाले ते चार बाबींपुरते: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि एकाऐवजी दुसऱ्याच खेळाडूला झालेली शिक्षा. त्यातही पंचाची चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असेल तरच हस्तक्षेप करावा, अशी मर्यादा घातली गेली. किमान हस्तक्षेप, कमाल लाभ, हे त्याचे ब्रीद. अर्थशास्त्रीय दृष्टीने यापेक्षा निर्दोष सूत्र सापडणे कठीण. सूत्र निर्दोष असूनही व्यवहार का बिनसला?

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन

शिक्षक आणि विद्यार्थी वाचकांना याचे उत्तर त्यांच्याच अनुभवातील एका उदाहरणाने देता येईल. निकाल लागल्यावर असमाधानी विद्यार्थ्यापुढे दोन मार्ग असतात. एक गुणपडताळणीचा: बेरीज बरोबर आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, हे पाहण्याचा. दुसरा पुनर्मूल्यांकनाचा: निबंधाला दहापैकी सहा गुण योग्य होते की सात द्यायला हवे होते, हे दुसऱ्या परीक्षकाने ठरवण्याचा. पहिल्यात एकच बरोबर उत्तर असते आणि ते कुणीही शोधले तरी तेच निघते. दुसऱ्यात दोन प्रामाणिक परीक्षक दोन भिन्न आकडे देऊ शकतात, आणि दुसऱ्याचा आकडा पहिल्यापेक्षा अधिक न्याय्य असेलच अशी हमी नसते. तो केवळ नंतरचा असतो.

फुटबॉलमधील चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, फाऊल गोलक्षेत्राच्या आत झाला की बाहेर, कार्ड योग्य माणसाला दाखवले की नाही, हे गुणपडताळणीचे प्रश्न आहेत. धक्का जाणूनबुजून होता का, हात शरीरापासून अनैसर्गिकपणे दूर होता का, टक्कर बेदरकार होती की निव्वळ जोरकस, हे पुनर्मूल्यांकनाचे प्रश्न आहेत. व्हिडिओ पंचाच्या योजनेने हे दोन्ही प्रश्न एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर, एकाच माणसाकडे सोपवले. परिणामी बेरजेच्या चुकीबद्दल जी खात्री वाटायची तीच खात्री निबंधाच्या गुणांबद्दलही लोक मागू लागले. आणि ती मिळेना तेव्हा त्यांचा बेरजेवरचाही विश्वास उडू लागला.

15 जुलै 2018 रोजी मॉस्कोत फ्रान्स आणि क्रोएशिया यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यात क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला चेंडू लागला, हे चित्राने सिद्ध केले. त्याबद्दल वाद नव्हताच. तो स्पर्श शिक्षापात्र होता का, हा वाद होता. अर्जेंटिनाचे पंच पिताना यांनी मैदानाकडेच्या पडद्यावर दृश्य पुन्हा पाहिले आणि पेनल्टी दिली. फ्रान्सने 2-1 अशी आघाडी घेतली आणि पुढे सामना 4-2 असा जिंकला. निर्णय योग्य होता असे म्हणणारे जाणकार होते, तसेच अन्यायाचा होता असे म्हणणारेही होते, आणि दोघांसमोर चित्र एकच होते. चित्राने पुरावा दिला, निर्णय माणसालाच द्यावा लागला. जी क्रिया अर्ध्या क्षणात घडून जाते ती मंदगतीने दाखवली की अपघातही हेतुपूर्वक केल्यासारखा दिसू लागतो, हा धोका वेगळाच.

सेंटिमीटरचा भ्रम

ऑफसाइडचा प्रश्न वरकरणी मोजमापाचा दिसतो. तेथे तरी यंत्र निर्विवाद असेल अशी समजूत होते. एक साधे गणित करून पाहावे. चित्रीकरण सेकंदाला 50 चित्रांचे असेल तर दोन चित्रांमधील अंतर सेकंदाचा पन्नासावा भाग होते. सेकंदाला 8 मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्या अवधीत 16 सेंटिमीटर पुढे जातो. बचावपटू उलट दिशेने धावत असेल तर दोघांमधील अंतर त्याहून अधिक बदलते. सहकाऱ्याच्या बुटाचा चेंडूला स्पर्श नेमका कोणत्या चित्रात झाला, हे ठरवण्यात एका चित्राचा फरक पडला तरी मोजणी वीतभर चुकू शकते. असे असताना बोटाच्या पेराएवढ्या अंतरावरून गोल रद्द झाल्याचे आपण पाहिले आहे. चेंडूतील संवेदक आणि छपराखालील कॅमेरे यांनी ही त्रुटी पुष्कळ कमी केली आहे, हे मान्य. पण ती सोय निवडक स्पर्धांनाच परवडते. मोजपट्टीची जी कुवत आहे तिच्यापेक्षा बारीक उत्तर तिच्याकडून मागू नये, हे शास्त्राच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थीही जाणतो. शिवाय ऑफसाइडचा नियम गोलाजवळ दबा धरून बसणाऱ्याला रोखण्यासाठी झाला होता. बगलेएवढ्या फरकाने पुढे असलेल्याला शोधून काढणे हा त्याचा हेतू नव्हता.

आकडे काय सांगतात?

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2019 मध्ये ही पद्धत स्वीकारली. महत्त्वाच्या निर्णयांपैकी पूर्वी 82 टक्के बरोबर असत, ते प्रमाण आता 96 टक्क्यांवर गेले आहे, असे त्या लीगचे 2024 मधील म्हणणे होते. म्हणजे शंभरात अठरा चुका होत त्या चारवर आल्या. हा लाभ लहान म्हणता येणार नाही. म्हणूनच त्या वर्षी वुल्व्हरहॅम्प्टन या क्लबाने व्हिडिओ पंच रद्द करण्याचा ठराव मांडला तेव्हा त्याच्या बाजूने ठराव मांडणाऱ्याचे एकट्याचेच मत पडले. उरलेले 19 क्लब विरोधात गेले. नॉर्वेत 2025 च्या आरंभी क्लबांनी बहुमताने ही पद्धत नको म्हटले, पण मार्चमध्ये राष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनाने ती कायम ठेवली. ज्यांनी एकदा हे यंत्र घेतले त्यांना ते सोडवत नाही, असा याचा अर्थ.

मग प्रेक्षक असमाधानी का? चुका कमी झाल्या, पण चुकीची सबब संपली, हे त्याचे कारण. पूर्वी पंच चुकला तर त्याला दिसले नसेल म्हणून माणूस त्याला क्षमा करीत असे. पडदा समोर असताना झालेल्या चुकीला क्षमा उरत नाही. 30 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासने केलेला गोल ऑफसाइड नव्हता, हे व्हिडिओ पंचाला दिसले होते. परंतु मैदानावरच्या पंचाने गोल दिलेला आहे अशी चुकीची समजूत करून घेऊन त्याने तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले, आणि प्रत्यक्षात नाकारलेला गोल नाकारलेलाच राहिला. यंत्र अचूक होते, चित्र अचूक होते. दोन माणसांमधील संभाषण चुकले.

लोट्याच्या वाचकाला हे समजायला दूर जायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये अतिप्रदूषक गटांतील कारखान्यांना सांडपाण्यावर अहोरात्र नजर ठेवणारी मापनयंत्रे बसवण्यास सांगितले. आमच्या लोटे-परशुराम वसाहतीसारख्या रासायनिक वसाहतींच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण यंत्र आकडा सांगते. तो आकडा कोणी वाचायचा, केव्हा वाचायचा आणि वाचल्यावर काय करायचे, हे यंत्र सांगत नाही. दाभोळच्या खाडीतील मच्छीमाराला विचारावे. यंत्र बसल्याच्या बातमीपेक्षा पाण्यातले मासे जगले का, यावरून तो कारभाराची परीक्षा करील. खेळातही कॅमेऱ्यांच्या संख्येवरून न्यायाची परीक्षा होत नसते.

आपल्याकडील चित्र

भारतातील वरिष्ठ फुटबॉल लीग 2024-25 च्या हंगामापर्यंत व्हिडिओ पंचाशिवायच खेळली गेली. मात्र नवी मुंबई आणि गोवा येथील मैदानांनी हे यंत्र पाहिलेले आहे: 2022 च्या ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात भरला, तेव्हा जागतिक संघटनेने तेथे व्हिडिओ पंच नेमले होते. स्पर्धा संपली, पाहुणे गेले, यंत्रही गेले. 2023 मध्ये राष्ट्रीय महासंघाने कमी खर्चाच्या, ‘लाइट’ म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीचा विचार बोलून दाखवला, त्याला निमित्त होते 3 मार्च 2023 च्या बेंगळुरूतील सामन्याचे. सुनील छेत्रीने जादा वेळेत झटपट फ्री किक घेऊन गोल केला आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ निषेध म्हणून मैदान सोडून गेला. त्या क्लबाला 4 कोटी रुपये दंड झाला, प्रशिक्षकाला 10 सामन्यांची बंदी झाली. गंमत अशी की तो वाद पडद्याने मिटणाराच नव्हता. पंचाने शिट्टीची वाट पाहायला सांगितले होते की नाही, असा तो वाद होता. तेथे गरज होती ती पंचाच्या स्पष्ट खुणेची आणि नंतर दिलेल्या स्पष्ट खुलाशाची.

कुस्तीतील उदाहरण अधिक ताजे आणि अधिक खेदाचे आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे याला चितपट ठरवून पृथ्वीराज मोहोळ याला विजयी घोषित करण्यात आले. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रीकरण पाहा, ही राक्षेची मागणी मान्य झाली नाही. त्यानंतर त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. तीन वर्षांची बंदी त्याच्यावर आली. लाथेचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु खांदे टेकले की नाही हा गुणपडताळणीचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न विचारण्याची सन्माननीय वाट उपलब्ध नसली की माणसे असभ्य वाट धरतात, हा धडा संघटकांनी दुर्लक्षू नये.

आपल्या जिल्ह्यातील कबड्डीच्या सामन्यांतही हेच घडू पाहत आहे. व्यावसायिक कबड्डीत पडद्यावर दाद मागताना पाहिलेला तरुण गावच्या मैदानावर उतरतो, तेव्हा चढाईपटूचा पाय बोनस रेषेच्या पुढे पडला की नाही यावर त्याला तीच दाद हवी असते. भोवती उभ्या असलेल्या प्रेक्षकांपैकी कित्येकांच्या हाती चित्रीकरण करणारा मोबाईल असतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालीम-मंडळांच्या फुटबॉल सामन्यांना लोटणाऱ्या गर्दीचेही तेच. या नव्या परिस्थितीचे मर्म असे की पुनर्दर्शन आज सर्वांच्या खिशात आहे, ते नाही फक्त पंचाकडे. ज्याच्यावर निर्णयाची जबाबदारी तोच तेवढा अज्ञानात, आणि ज्यांच्यावर कसलीच जबाबदारी नाही ते सर्व सज्ञान, ही स्थिती फार काळ टिकू शकत नाही. पंचाचा निर्णय अंतिम, हा जुना मंत्र याच कारणाने निष्प्रभ झाला आहे. पंच पूर्वीपेक्षा अधिक चुकू लागले असे मुळीच नाही. चूक झाकणारा पडदा गेला एवढेच.

खर्चाची वाटणी

तेव्हा यंत्राला सरसकट नकार देणे शक्य नाही, आणि युरोपातील श्रीमंत लीगचे अनुकरण करणे आपल्याला परवडणारे नाही. अर्थशास्त्र अशा वेळी पर्यायी खर्चाचा विचार करायला सांगते. एका मोठ्या सामन्यासाठी कॅमेरे, जोडण्या, स्वतंत्र खोली आणि प्रशिक्षित माणसे उभी करण्यावर जो पैसा जाईल, तोच पैसा जिल्ह्याजिल्ह्यांत पंचांच्या प्रशिक्षणावर, त्यांच्या प्रवासभत्त्यावर आणि मानधनावर खर्च केला तर किती सामन्यांतील चुका टळतील? आपल्याकडे पंच म्हणून काम करणारा माणूस बहुधा शाळेतील क्रीडाशिक्षक किंवा एखाद्या कचेरीतील कारकून असतो. रविवारची सुट्टी घालवून, तुटपुंज्या मानधनावर, गर्दीच्या शिव्या खात तो उभा राहतो. त्याच्या हाती शिट्टीखेरीज काही न देता त्याच्याकडून यंत्राच्या अचूकतेची अपेक्षा करणे हा न्याय नव्हे. चांगला पंच तयार झाला तर तो वर्षाकाठी अनेक सामने सांभाळतो. महागडे यंत्र एका मैदानापुरते, एका सायंकाळीपुरते असते.

या दृष्टीने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली: वस्तुस्थितीचे प्रश्न आणि अभिप्रायाचे प्रश्न वेगळे करावेत. रेषा, स्थान आणि ओळख यांबाबत चित्राची साक्ष मोकळेपणाने घ्यावी. हेतू आणि तीव्रता यांबाबत मैदानावरच्या पंचाचाच शब्द राखावा.

दुसरी: यंत्राने आपणहून नाक खुपसू नये. दाद मागणाऱ्यानेच ती मागावी आणि तीही मोजक्या वेळा. जागतिक संघटनेने 2024 मध्ये कोलंबियातील 20 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात असाच प्रयोग केला. प्रशिक्षकाला प्रत्येक सामन्यात दोनदा दाद मागता येते, वेगळी खोली नाही, वेगळा व्हिडिओ पंच नाही, थोड्याच कॅमेऱ्यांचे चित्र पंच स्वतः पाहतो. ही पद्धत आपल्या ऐपतीत बसणारी आहे. दाद मर्यादित असली की ती जपून वापरली जाते, कारण दुर्मीळ वस्तूचीच माणूस काटकसर करतो.

तिसरी: ऑफसाइडच्या मोजणीत यंत्राच्या कुवतीएवढी सूट असावी. फरक त्याहून कमी असेल तर मैदानावरचा मूळ निर्णय कायम राहावा. क्रिकेटने पायचीतच्या बाबतीत असे केलेच आहे. काठावरच्या प्रसंगी मैदानी पंचाचा कौल तेथे टिकतो.

चौथी आणि सर्वांत स्वस्त: निर्णय बदलला तर त्याचे कारण पंचाने ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगावे. 2023 च्या महिला विश्वचषकात पंचांनी तसे सांगितले आणि त्याने पंचांची प्रतिष्ठा तिळमात्र कमी झाली नाही. पैसे मोजून मैदानात आलेल्या माणसाला काय चालले आहे हे कळू नये आणि घरी बसलेल्याला सारे कळावे, ही उलटी तऱ्हा बंद झाली पाहिजे. गावच्या कबड्डीला तर यासाठी काहीच नवे आणावे लागणार नाही. ध्वनिक्षेपक तेथे आधीच असतो.

व्हिडिओ पंचाने गोलाचा आनंद हिरावला, अशी एक तक्रार आहे आणि ती खोटी नाही. चेंडू जाळ्यात गेल्यावर हजारो माणसांनी श्वास रोखून कुणाच्या तरी संमतीची वाट पाहायची, हे त्या खेळाच्या स्वभावाला मानवत नाही. खेळात काही उत्स्फूर्त उरले नाही तर लोक तो पाहतील कशाला? पण त्याचबरोबर हेही खरे की अन्यायाने गेलेल्या सामन्याचे दुःख त्या क्षणभराच्या खोळंब्यापेक्षा दीर्घकाळ टिकते. भारतीय संघातील त्या अकरा जणांना विचारावे, दोन मिनिटे खेळ थांबला असता तर त्यांचे काय गेले असते?

अचूकता विकत घेता येते. विश्वास विकत घेता येत नाही, तो कमवावा लागतो. यंत्राने पंचाची जागा घेतली तर अचूकता कदाचित थोडी वाढेल, पण विश्वास ठेवायला माणूसच उरणार नाही. यंत्राने पंचाच्या पाठीशी उभे राहावे, त्याला जे दिसणे शक्य नाही ते दाखवावे आणि बाकीचे त्याच्या विवेकावर सोडावे. अशी वाटणी झाली तर पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे वाक्य आपल्या क्रीडाशिक्षकांना पुन्हा एकदा ताठ मानेने मुलांना शिकवता येईल. आणि तो निर्णय बहुधा बरोबरही असतो, असे त्यात पुढे जोडता येईल.